गाव आपोआप बेचिराख होत नाही : लॉस एंजेलिस नदीकाठच्या यांगाची कहाणी

१/
'कालांतराने ते गाव लुप्त झाले.' इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य आले की वाचकाने तेथेच थांबावे आणि कर्ता कोठे आहे ते शोधावे. आपल्याकडील जमाबंदीच्या दप्तरात वस्ती उठलेल्या गावापुढे 'बेचिराख' असा शेरा असतो. चिराग उरला नाही, म्हणून बेचिराख. पण तो चिराग कोणी विझवला, हे शेरा सांगत नाही. हा धागा अशाच एका गावाविषयी आहे. 🧵

२/
गावाचे नाव यांगा. ते टोंग्वा लोकांचे गाव. आज ज्या भूमीवर लॉस एंजेलिसचे मध्यवर्ती शहर, युनियन स्टेशन आणि १०१ क्रमांकाचा महामार्ग उभा आहे, त्याच परिसरात, नदीच्या पश्चिमेस ते वसलेले होते. नदीला टोंग्वा भाषेत 'पायमे पाहायत', म्हणजे पश्चिमेची नदी, म्हणतात. लोकप्रिय कथनात यांगाला मिळणारी जागा फार तर एका ओळीची असते : 'येथे पूर्वी एक आदिवासी वस्ती होती.' ही एक ओळ अपुरी आहेच, शिवाय ती दिशाभूल करणारी आहे.

३/
प्रथम टोंग्वा कोण, ते पाहू. लॉस एंजेलिसचे खोरे आणि सांता कातालिनासह दक्षिणेकडील काही बेटे हा त्यांचा प्रदेश. युरोपीय आले तेव्हा त्यांची लोकसंख्या सुमारे ५,००० आणि गावे पन्नासाहून अधिक होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विलोच्या फांद्या आणि लव्हाळे यांची घुमटाकार घरे, ओक वृक्षाच्या फळांच्या पिठाची पेज, नैसर्गिक डांबराने सांधे बुजवलेल्या फळ्यांच्या सागरी होड्या आणि बेटांवरच्या मऊ दगडाच्या भांड्यांचा व्यापार, असे हे जग होते. 'रिकामी भूमी' हे विशेषण येथे कोणत्याही अर्थाने लागू पडत नाही.

४/
या रिकामेपणाचे खंडन करणारा पहिला साक्षीदार स्वतः स्पॅनिश आहे. २ ऑगस्ट १७६९ रोजी गास्पार दे पोर्तोलाची मोहीम या नदीकाठी पोहोचली. सोबतच्या ह्वान क्रेस्पी या फ्रान्सिस्कन पाद्र्याने रोजनिशीत दोन गोष्टी नोंदवल्या. एक, ही जागा मोठ्या वसाहतीस अत्यंत योग्य आहे. दुसरी, येथील गावकरी भेटी घेऊन सामोरे आले. त्या दिवसाच्या सणावरून त्याने नदीला देवदूतांच्या राणीचे नाव दिले. शहराचे नाव त्यातूनच आले. भूमीची भावी मालकी आणि विद्यमान गावकरी, दोन्ही एकाच दिवसाच्या नोंदीत आहेत. पुढील कथनाने त्यांतली पहिलीच नोंद जपली.

५/
८ सप्टेंबर १७७१ रोजी सान गाब्रिएल मिशन स्थापन झाले. टोंग्वांना 'गाब्रिएलेन्यो' हे नाव त्यावरूनच चिकटले. बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्यांना शिपाई पकडून आणीत आणि फटके देत. अविवाहित मुलींना रात्री कुलूपबंद दालनात ठेवले जाई. गोवर, देवी आणि गुप्तरोग या दाट, बंदिस्त वस्तीत पसरत राहिले.

६/
येथे पहिला आक्षेप हमखास येतो : 'मग दोष रोगांचा. रोगाला हेतू नसतो.' आक्षेप अर्धाच खरा आहे. जंतूंना हेतू नसतो हे मान्य. परंतु विखुरलेल्या, हवेशीर गावांतून माणसे उचलून एका आवारात कोंबण्याचा निर्णय जंतूंनी घेतला नव्हता. त्यांचे अन्नसंग्रहाचे ऋतुचक्र मोडून, मिशनच्या गुरांना त्यांच्या रानात चरू देऊन, उपासमारीच्या काठावर आणण्याचा निर्णयही जंतूंचा नव्हता. रोग हे मृत्यूचे कारण असेल, पण रोग पसरण्याजोगी परिस्थिती माणसांनी निर्माण केली.

७/
४ सप्टेंबर १७८१ रोजी गव्हर्नर फेलिपे दे नेवे याच्या आदेशाने यांगाशेजारी नवे नगर वसले. सोनोरा आणि सिनालोआ प्रांतांतून आणलेली ११ कुटुंबे, एकूण ४४ माणसे. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या वंशात आफ्रिकी रक्त होते. ही बाब बराच काळ दडपली गेली. आज ती अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु या दुरुस्तीत एक गंमत घडली : ४४ जणांचा वर्ण सुधारून लिहिला गेला, शेजारचे गाव मात्र पुन्हा चित्राबाहेरच राहिले.

८/
ते गाव चित्राबाहेर ठेवणे शक्यच नाही. नव्या नगराची शेते, पाट, घरे आणि घोडे यांमागचे श्रम मोठ्या प्रमाणात यांगा आणि आसपासच्या गावांचे होते. मोबदला म्हणून धान्याचा वाटा किंवा कापड मिळे. हे मजूर मिशनकडे वळत नाहीत, नगरवासीयांकडे काम करतात, अशी तक्रार पाद्री करीत राहिले. म्हणजे मिशनला त्यांचे आत्मे हवे होते आणि नगराला त्यांचे हात. दोघांच्या ओढाताणीत यांगा काही दशके टिकून राहिले. याला 'लुप्त होणे' म्हणत नाहीत.

९/
प्रतिकाराकडे वळू. २५ ऑक्टोबर १७८५ च्या रात्री सान गाब्रिएल मिशनवर उठाव करण्याचा बेत फसला. पकडलेल्यांत हापचिवित गावची तोयपुरिना ही तरुण वैदू स्त्री आणि मिशनमधील निकोलास होसे हे प्रमुख होते. निकोलास होसेचा रोष पारंपरिक नृत्यांवरील बंदीवर होता. पाद्री आणि मिशनमधील सर्व जण आपल्या भूमीवर राहत आहेत, याचा तोयपुरिनाला राग होता. चौकशीच्या कागदांवरून एवढे निश्चित सांगता येते.

१०/
आता इतिहासप्रेमींनाच एक खडा सवाल. तोयपुरिनाच्या तोंडी घातलेले आवेशपूर्ण संवाद समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. त्यांचा उगम १७८५ च्या कागदांत नसून १९५८ मधील थॉमस वर्कमन टेंपल यांच्या रंगवलेल्या लेखात आहे. स्टीव्हन हॅकेल यांनी २००३ मध्ये मूळ साक्षी तपासून हे दाखवून दिले. तरीही ते संवाद फिरतातच. पीडितांच्या बाजूने उभे राहण्यासाठी बनावट अवतरणांची गरज पडत नाही. उलट, एक बनावट वाक्य सापडले की विरोधक शंभर खऱ्या वाक्यांवर शंका घेतो.

११/
शिवाय त्या कथनात तोयपुरिना म्हणजे केवळ ज्वाला उरते. खऱ्या तोयपुरिनाचे आयुष्य उठावानंतरही चालू राहिले. तिचा बाप्तिस्मा झाला, तिला उत्तरेकडे हद्दपार केले गेले, मानुएल मोंतेरो या शिपायाशी तिचा विवाह झाला, तिला मुले झाली आणि १७९९ मध्ये ती मरण पावली. उठावानंतरची जवळजवळ चौदा वर्षे पोस्टरवर बसत नाहीत, म्हणून ती कापली जातात. आदिवासी व्यक्तीला स्मारक होण्याची मुभा आहे, जगण्याची नाही, असा याचा अर्थ होतो.

१२/
१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. १८३४ च्या सुमारास मिशनांची मालमत्ता चर्चकडून काढून घेण्यात आली. जमिनीचा मोठा हिस्सा मिशनमधील आदिवासींना मिळावा, असा मूळ हेतू कागदावर होता. प्रत्यक्षात ती बड्या रँचमालकांकडे गेली. बेघर झालेली अनेक गावांची माणसे कामासाठी लॉस एंजेलिसकडे आली. यांगाची वस्ती आता केवळ यांगावाल्यांची राहिली नाही. ती विस्थापितांचीही वस्ती झाली.

१३/
यानंतरचा घटनाक्रम तारखांसह वाचावा. १८३६ मध्ये वस्ती हलवली गेली. नवी जागा आजच्या कमर्शियल आणि अलामेडा या रस्त्यांच्या चौकाजवळची. १८३८ मध्ये शेजारचा जमीनदार ह्वान दोमिंगो या वस्तीच्या जागेवर अतिक्रमण करू लागला, तेव्हा रहिवाशांनी नगरसभेकडे अर्ज केला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा दोमिंगो मूळचा जर्मन खलाशी, योहान ग्रोनिंगेन. ही नोंद मोलाची आहे. ज्यांना इतिहास मूक समजतो, ते लोक नगरसभेत अर्ज करीत होते आणि जिंकतही होते.

१४/
विजय टिकला नाही. १८४५ मध्ये वस्तीला पुन्हा हलावे लागले, या वेळी नदीपार, आजच्या बॉइल हाइट्स भागात. या नव्या ठिकाणाला 'पुएब्लितो', म्हणजे छोटे गाव, म्हणत. दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या ताब्यातील लॉस एंजेलिसमध्ये नगरसभेच्या संमतीने ते जमीनदोस्त करण्यात आले. आदिवासी मजुरांना मालकांनी आपल्या आवारात ठेवावे आणि स्वतंत्र राहणाऱ्यांनी नगराबाहेर, एकमेकांपासून दूरदूर राहावे, असे ठरले.

१५/
'एकमेकांपासून दूरदूर' या शब्दांवर विचार करावा. त्या निर्णयाचा रोख केवळ झोपड्यांवर नव्हता. गाव म्हणजे एकत्र राहणे, एकत्र शोक करणे, एकत्र ठरवणे. ते एकत्रपण मोडण्याचा आदेश येथे लिखित स्वरूपात सापडतो. ध्वज तीन बदलले : स्पेन, मेक्सिको, अमेरिका. कारणेही बदलली : आत्म्यांचा उद्धार, मालमत्तेचा हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था. उठावे लागणारे मात्र प्रत्येक वेळी तेच लोक होते.

१६/
२२ एप्रिल १८५० रोजी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्याचे नाव 'इंडियनांचे शासन व संरक्षण' यासाठीचा कायदा. त्यानुसार भटका ठरवलेल्या आदिवासीला अटक करून त्याचे श्रम भाड्याने देता येत. मुलांना गोऱ्या घरांत बांधून ठेवता येई. आदिवासीच्या साक्षीवर कोणत्याही गोऱ्या माणसाला दोषी ठरवता येत नसे. गावे मोडायची, माणसांना बेघर करायचे आणि नंतर बेघर असणे हाच गुन्हा ठरवायचा. संरक्षण हा शब्द येथे कोणाच्या बाजूने उभा आहे, हे वेगळे सांगायला नको.

१७/
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या नगरसभेने पुढचे पाऊल टाकले : शहराच्या कामाला कैदी लागत नसतील, तर त्यांचे श्रम सर्वाधिक बोली लावणाऱ्याला द्यावेत. व्यवहार असा चाले. आठवड्याची मजुरी बहुधा ब्रँडीच्या रूपात दिली जाई. रविवारी नशेत सापडलेल्यांना कोंडले जाई. सोमवारी त्यांचा लिलाव होई. आठवडा संपला की पुन्हा ब्रँडी. होरेस बेल या समकालीन वकिलाने याला गुलामांच्या बाजाराची उपमा दिली. कॅलिफोर्निया तेव्हा अधिकृतरीत्या 'मुक्त' राज्य म्हणून संघात येत होता.

१८/
दुसरा नेहमीचा आक्षेप : 'त्या काळाच्या फूटपट्टीने मोजा.' जरूर मोजू. त्याच काळात, १८५२ मध्ये, ह्यूगो रीड या स्कॉटिश रहिवाशाने 'लॉस एंजेलिस स्टार' या वृत्तपत्रातील पत्रमालेतून मिशनकाळातील अत्याचार आणि टोंग्वांचे जीवन मांडले. त्याची पत्नी व्हिक्टोरिया ही स्वतः टोंग्वा होती. १८३८ चा अर्जही त्याच काळातला. म्हणजे अन्याय दिसत होता, लिहिला जात होता, छापला जात होता. 'तो काळच तसा होता' हे म्हणणे त्या काळातल्या फक्त बळकटांचे मत 'काळ' म्हणून स्वीकारते.

१९/
१८५१-५२ मध्ये केंद्र सरकारच्या आयुक्तांनी कॅलिफोर्नियातील जमातींशी १८ करार केले. जमिनी सोडण्याच्या बदल्यात राखीव प्रदेश देण्याचे वचन त्यांत होते. जुलै १८५२ मध्ये सेनेटने हे सर्व करार फेटाळले आणि कागद गोपनीय ठेवले. ते १९०५ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी उघड झाले. जमिनी गेल्या, वचनही गेले आणि वचन दिले होते याचा पुरावाही बंद दाराआड राहिला. १९६० च्या दशकात राज्यभरातील आदिवासींसाठी ठरलेली भरपाई एकरी अर्ध्या डॉलरहूनही कमी पडली.

२०/
यांगाच्या खुणांचे काय झाले? एल अलिसो हा प्रचंड सिकॅमोर वृक्ष गावाचा सभावृक्ष मानला जातो. त्याच्या भोवतीची जमीन १८३० च्या दशकात झाँ लुई व्हिन्य या फ्रेंच द्राक्षबागायतदाराकडे आली. तेथे मद्यनिर्मिती झाली, पुढे बिअरचा कारखाना आला. झाड वाळले आणि १८९५ मध्ये तोडले गेले. नदीचेही तेच : १९३८ च्या महापुरानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी तिचा बहुतांश प्रवाह काँक्रीटच्या नळीत बसवला. तरीही गावाची नेमकी जागा उत्खननातून सिद्ध व्हावी, अशी अपेक्षा महामार्गाखालच्या मातीकडून केली जाते.

२१/
माती कधीकधी बोलतेही. २०१० मध्ये शहराच्या जुन्या चौकाजवळ एका सांस्कृतिक केंद्राचे बांधकाम चालू असताना शंभराहून अधिक व्यक्तींचे अवशेष निघाले. ती १८२२ ते १८४४ या काळातील दफनभूमी होती. तेथे पुरलेल्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, हे चर्चच्या नोंदवह्यांत आधीपासूनच लिहिलेले होते. वंशजांच्या विरोधानंतर काम थांबले आणि २०१२ मध्ये अवशेषांचे पुन्हा दफन झाले. नोंद उपलब्ध होती. ती उघडून पाहण्याची गरज मात्र बांधकामापूर्वी कोणाला वाटली नव्हती.

२२/
'हे सारे जुने झाले, आता काय?' या प्रश्नातच खरा डाव आहे. टोंग्वा वंशज आज लॉस एंजेलिस परिसरात आहेत. कॅलिफोर्निया विधिमंडळाने १९९४ मध्ये त्यांना या खोऱ्यातील मूळ जमात म्हणून मान्यता दिली. केंद्र सरकारची मान्यता अद्याप नाही. त्या मान्यतेसाठी समाज आणि त्याची राजकीय सत्ता अखंड टिकून असल्याचा पुरावा लागतो. 'एकमेकांपासून दूरदूर राहा' असा आदेश ज्यांना मिळाला, त्यांच्याच वंशजांना आता विचारले जाते : तुम्ही एकत्र का राहिला नाहीत?

२३/
म्हणून 'लुप्त' हा शब्द निरुपद्रवी नाही. एखादे पाठ्यपुस्तक, एखादा फलक, एखादा धागा तो सहज वापरतो, आणि तोच शब्द जिवंत माणसांच्या हक्काविरुद्ध साक्षीला उभा राहतो. वंशजांत नावावरही मतभेद आहेत. 'टोंग्वा' हे नाव १९०३ मध्ये सी. हार्ट मेरियम यांनी नार्सिसा इगेरा यांच्याकडून ऐकून नोंदवले. काही जण 'किझ' हे नाव योग्य मानतात. कोणी या मतभेदांनाच अस्तित्वाच्या विरोधातील पुरावा समजतात. वस्तुतः स्वतःच्या नावावर वाद घालणारा समाज मृत असू शकत नाही.

२४/
हालचाल दिसते आहे. नामशेष म्हणून गणलेली भाषा जुन्या टिपणांच्या आधारे वंशज आणि भाषाशास्त्रज्ञ मिळून पुन्हा शिकत आहेत. २०२२ मध्ये अल्टाडेना येथील एक एकर जमीन टोंग्वांच्या संस्थेकडे परत आली. ज्यांचे सारे खोरे होते, त्यांना जवळजवळ दोनशे वर्षांनी एक एकर! यावर समाधान मानायचे की खंत, ते ज्याने त्याने ठरवावे. पण ती जमीन कोणाला 'परत' मिळाली, हा प्रश्न विचारल्यावर 'लुप्त' या शब्दाला उत्तर देता येत नाही.

२५/
इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी एवढी एक सवय लावून घ्यावी. 'वस्ती हटली' असे वाचले की कोणी हटवली ते शोधावे. 'लोक कमी झाले' असे वाचले की कोणत्या निर्णयानंतर ते पाहावे. 'गाव बेचिराख' असा शेरा दिसला की त्याखालची सही वाचावी. यांगाच्या बाबतीत सह्या आहेत, तारखा आहेत, ठराव आहेत : १८३६, १८४५, १८४७, १८५०. एवढा पुरावा हाती असताना कर्मणी प्रयोगाआड लपणे हा भाषेचा दोष नाही. ती लिहिणाऱ्याची निवड आहे.